पारध्याच्या हातातली दोरी

1991 साली माझ्या पहिल्या अपघात-दाव्याचा निकाल लागला. ट्रकनं उडवलेल्या सायकलस्वाराच्या बायकोला भरपाई मिळाली आणि मला फी. पाकीट घेऊन घरी आलो, तर आई म्हणाली, "हे देवापुढं नको ठेवूस." तिनं ते कपाटात ठेवलं आणि पुन्हा धान्य निवडायला बसली. पस्तीस वर्षं होत आली. सोलापूरच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात आणि ग्राहक आयोगात दुसऱ्यांच्या घरातले मृत्यू मांडत मी संसार केला. मिळालेल्या रकमेत वकिलाला वाटा घेता येत नाही, तसा बार कौन्सिलचा नियमच आहे, आणि तो मी पाळला. तरी आईचं वाक्य मनातून गेलं नाही. माणूस आपल्या प्रारब्धानं मरतो हे खरं असेल, तर मी कोर्टात उभा राहून नेमकं काय करतो?

या प्रश्नानं मला सगळ्यात जास्त छळलं ते एका माळकरी मावशींमुळे. पंढरपूरच्या अलीकडचं गाव. सत्तावीस वर्षांची लेक दुसऱ्या बाळंतपणात गेली, बाळही गेलं. मागं चार वर्षांची नात उरली. भावानं जबरदस्तीनं मावशींना माझ्याकडे आणलं होतं. तक्रारीची दोन वर्षांची मुदत संपायला तीन आठवडे बाकी होते. मावशी पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, "वकीलसायब, तिची येळ भरली हुती. पांडुरंगाची इच्छा. कुनावर कशाला बोट दावायचं?"

मी त्यांना काही पटवायला गेलो नाही. फक्त दवाखान्याचे कागद मागवले. बाळंतपणानंतर रात्री अडीचला रक्तस्राव सुरू झाल्याची नोंद होती. रक्ताची पिशवी मागवल्याची चिठ्ठी चार वाजून दहा मिनिटांची. मधल्या शंभर मिनिटांत दर पाव तासाला रक्तदाब लिहिलेला, सगळीकडे नव्वद-साठ. एकच पेन, एकच हात, आणि अक्षर इतकं निवांत की सकाळी टेबलाशी बसून एका दमात लिहिलेलं असावं, हे सांगायला तज्ज्ञ नको. मरणाऱ्या बाईचा रक्तदाब शंभर मिनिटं एकाच आकड्यावर राहत नाही.

त्या रात्री मी महाभारत काढलं. अनुशासनपर्वाच्या सुरुवातीलाच गौतमीची गोष्ट आहे. या म्हातारीचा मुलगा साप चावून मेला. अर्जुनक नावाच्या पारध्यानं तो साप दोरीनं बांधून तिच्यापुढं आणला आणि विचारलं, जाळू की तुकडे करू? गौतमी म्हणाली, सोड त्याला, यानं माझा मुलगा परत येणार नाही. पारधी ऐकेना. मग साप बोलू लागला. म्हणे, मी कोण, मला मृत्यूनं पाठवलं. मृत्यू हजर झाला. म्हणे, मला काळानं पाठवलं. शेवटी काळ आला आणि म्हणाला, आम्ही कुणीच दोषी नाही, या मुलाचं कर्मच याला कारण.

वकिलाला ही गोष्ट नवी वाटतच नाही. परिचारिका म्हणते, डॉक्टरांना फोन केला होता. डॉक्टर म्हणतात, रक्तपेढी लांब. रक्तपेढी म्हणते, मागणीच उशिरा आली. आणि रांगेच्या शेवटी कुणीतरी उभा असतोच हात वर करून, "नशिबापुढं कुणाचं काय चालतं?"

लहानपणी कीर्तनात ही कथा ऐकली तेव्हा सगळं माप गौतमीच्या क्षमेच्या पदरात पडायचं आणि पारधी आडमुठा ठरायचा. आता मला तो आडमुठा वाटत नाही. गौतमीचं त्यानं पहिल्याच वाक्याला ऐकलं असतं, तर साप गवतात निघून गेला असता आणि मृत्यूला, काळाला त्या म्हातारीसमोर येऊन तोंड उघडावंच लागलं नसतं. ते आले, कारण पारध्यानं दोरी सोडली नाही. गौतमीनं शेवटीही क्षमाच केली. पण ती सगळ्यांचे जबाब ऐकल्यानंतरची क्षमा होती.

आणखी एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. ही कथा सांगतो कोण? भीष्म. आणि सांगतो युधिष्ठिराला, जो "तुमची ही दशा माझ्यामुळे झाली" म्हणून तळमळतोय. म्हणजे ज्याच्या अंगात बाण रुतलेत तोच म्हणतोय की हे कर्मानं झालं. युधिष्ठिरानं शरशय्येजवळ उभं राहून हेच वाक्य भीष्मांना ऐकवलं असतं, तर? शब्द तेच, पण ते आपल्याला ऐकवलं नसतं. प्रारब्ध हा शब्द ज्याला लागलंय त्यानं स्वतःपुरता उच्चारायचा आहे. ज्याच्या हातून लागलं, त्यानं उच्चारला की तो सापाचा बचाव होतो. मला या धंद्यात कळलेलं अध्यात्म एवढंच आहे आणि ते मी जिवापाड मानतो.

आमच्या कायद्यात एक जुना खटला आहे. 6 मे 1953, रत्नागिरी जिल्ह्यातलं पालशेत, समुद्राची वाळू. वीस वर्षांच्या मुलाचं मांडीचं हाड मोडलं. पुण्याला आणलं. पुरेशी भूल न देता माणसं लावून पाय जोरानं ओढला, आणि 9 तारखेला मुलगा गेला. बाप स्वतः डॉक्टर. माणसाचं शरीर कधी काय करेल सांगता येत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? तरी तो लढला. 1968 साली सर्वोच्च न्यायालयानं निकाल कायम केला. भरपाई 3,000 रुपये. पंधरा वर्षांनी मिळालेल्या तीन हजारांसाठी तो लढला असेल, असं मला कधीच वाटलं नाही. रोग्याला हात लावताना डॉक्टरवर कोणती कर्तव्यं येतात, ती या निकालानं एकेक करून मांडली आणि आम्ही आजही तीच वाचून दाखवतो.

पैशाचा हिशेब मात्र करावा लागतोच. मोटार अपघातासाठी सर्वोच्च न्यायालयानं 2009 साली कोष्टक घालून दिलं. सव्वीस ते तीस वयाला गुणक 17, पासष्टच्या पुढं 5. ग्राहक आयोगाला ते बंधनकारक नाही, पण आम्ही त्याचाच आधार घेतो. वर्षाचं उत्पन्न घ्या, तिचा स्वतःचा खर्च वजा करा, सतरानं गुणा. घरात राबणाऱ्या बाईचं उत्पन्न किती? 2001 साली एका निकालात गृहिणीच्या श्रमाचे महिना 3,000 धरले होते. मावशींच्या लेकीचा हिशेब मांडताना मी तिच्या दोन शेळ्या लिहिल्या, भांगलणीची मजुरी लिहिली. नातीची वेणी कुठल्या रकान्यात लिहायची, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

तडजोडीच्या तारखेला आयोगाच्या व्हरांड्यात डॉक्टरांच्या बाजूचे एक गृहस्थ मावशींजवळ आले. नम्रपणे, हात जोडून म्हणाले, "आजी, तुम्ही माळकरी. मरण कुणाच्या हातात असतं का?" मावशींनी गळ्यातली माळ चाचपली. "न्हाई बाबा," म्हणाल्या, "पर ते मी म्हनायचं. तुमी न्हाई."

त्यांनी गौतमीची गोष्ट ऐकली होती की नाही, मी विचारलं नाही.

निकाल चार वर्षांनी आला. नातीच्या नावची रक्कम ती अठरा वर्षांची होईपर्यंत बँकेत ठेव म्हणून राहणार. मावशींनी आकडा ऐकून घेतला आणि लगेच विचारलं, "त्या रातीचं काय लिवलंय?" निकाल इंग्रजीत. मी तो परिच्छेद मराठीत सांगितला: अडीच ते चार दहा या वेळेतल्या नोंदी नंतर लिहिलेल्या दिसतात, त्यांवर विश्वास ठेवता येत नाही, रक्त वेळेत मागवलं नाही.

"आजून एकदा सांगा."

पुन्हा सांगितलं. दाराशी नात चप्पल शोधत होती, आता दहा वर्षांची. मावशींनी तिला हाक मारून जवळ बसवलं. "हिला बी ऐकू द्या," म्हणाल्या. मी चष्मा पुसला आणि तिसऱ्यांदा वाचायला घेतलं, सावकाश.