आईचा नकार नेमका कुणाचा?

परदेशात दत्तक गेलेली मुलं मोठी होऊन कधीतरी इकडे येतात, तेव्हा आपण त्यांना काय देतो? साडी नेसून फोटो, पुरणपोळी, एखादं नृत्य, जमलं तर ताजमहाल. यात वाईट काहीच नाही. पण ज्याचा जन्म सोलापूर जिल्ह्यातला आहे, त्याचा वारसा 'भारत' इतका मोघम नसतो. तो एका गावात असतो, आणि बरेचदा एका फाइलमध्ये.

आपल्या पंढरपूरचंच घ्या. १८७५मध्ये तिथले न्यायाधीश लालशंकर उमियाशंकर यांनी टाकून दिलेल्या बाळांसाठी आश्रम सुरू केला. प्रार्थना समाजाशी जोडलेला तो आश्रम आज नवरंगे बालकाश्रम म्हणून ओळखला जातो. त्याआधी १८६३मध्ये पुण्यात फुले दांपत्याने बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं होतं. विधवेला दिवस गेले, की बाळाला मारायचं नाहीतर स्वतः मरायचं, असा तो काळ. फुल्यांनी तिसरा रस्ता दाखवला: गुपचूप या, बाळंत व्हा, हवं तर बाळ ठेवून जा. म्हणजे आईचं नाव झाकलं, म्हणून बाळ जगलं. आणि मोठेपणी ते बाळ शोधत येतं, ते नेमकं हेच झाकलेलं नाव.

आजचा नियम या पेचातून वाट काढतो. सज्ञान झालेली दत्तक व्यक्ती आपल्या मुळांचा शोध मागू शकते. पण मूल सोपवताना आईने गुप्तता मागितली असेल, तर आधी तिची संमती लागते. तिऱ्हाइताला हा शोध घेता येत नाही.

डीएनए चाचणीला मात्र हा नियम ठाऊक नसतो. अमेरिकेतल्या एखाद्या चुलतभावाने गंमत म्हणून चाचणी केली, तरी इकडचं गुपित उघडं पडू शकतं. त्यात आपल्या डोक्यात सरू ब्रायर्लीची गोष्ट असते. तो गुगल अर्थवर शोधत शोधत २०११मध्ये खांडव्यापर्यंत पोचला. त्याची आई त्याच वस्तीत वाट बघत थांबली होती. पण सरू हरवला होता, त्याला कुणी सोपवलं नव्हतं. सोपवणारी प्रत्येक आई दारात उभी असेलच असं नाही. तिचं पुढे लग्न झालेलं असेल, आणि घरात कुणालाच काही माहीत नसेल.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. डेटाबेसमध्ये 'माहिती नाही' आणि 'सांगायचं नाही' या दोन वेगळ्या गोष्टी असतात. स्क्रीनवर मात्र दोन्ही रिकाम्याच दिसतात. शोधायला आलेल्या माणसाला निदान एवढं तरी कळायला हवं, की त्याची रिकामी जागा यातली कुठली. बाळ कुठे सापडलं, अंगावर काय होतं, नाव कुणी ठेवलं, हे त्याचं आहे. ते त्याला मिळालंच पाहिजे. आईचं नाव मात्र तिचं आहे. ती नाही म्हणाली, तर ते 'नाही' पाळावं, असं मला वाटतं.

पण तिला पुन्हा विचारावं. विसाव्या वर्षी घाबरून दिलेला नकार पन्नाशीत तसाच राहील असं नाही. विचारायची रीतही जपावी लागते. घरी रजिस्टर पत्र आलं, की पहिला प्रश्न सासू विचारणार: "कुणाचं गं?"

इथे मला खरा प्रश्न दिसतो. आपण हा वाद मूल विरुद्ध आई असा मांडतो आणि मधून स्वतः निसटतो. तो नकार तिच्या तोंडून आला, पण त्याची भाषा आपल्या गल्लीने तिला शिकवली. लग्नाआधी आई झालेल्या मुलीबद्दल आपण आजही जे कुजबुजतो, तेच त्या फाइलला लागलेलं कुलूप आहे.

तेव्हा दत्तक गेलेल्यांना वारसा द्यायचा, तर पुरणपोळी जरूर खाऊ घालू. त्यांना चंद्रभागेचं वाळवंट दाखवू, आणि १८७५मध्ये इथे असा आश्रम का लागला, तेही न लपवता सांगू. उरलेलं काम पाहुण्यांसमोर करायचं नाही. ते आपल्याच घरात, जेवताना शेजारच्या कुणाचा विषय निघतो तेव्हा करायचं आहे.