मदत मागण्याचा श्लोक

आजचं वाचन: भगवद्गीता, अध्याय २, श्लोक २ ते ११

अर्जुन धनुष्य टाकून रथात बसलाय. भगवंत आधी त्याला चक्क रागावतात. हे दुबळेपण तुला शोभत नाही, ऊठ म्हणतात. उपयोग होतो का? नाही. अर्जुन लढणार नाही म्हणतो आणि गप्प बसतो. खरा उपदेश सुरू होतो अकराव्या श्लोकापासून. त्याआधी, सातव्या श्लोकात, अर्जुनाने शरण येऊन मदत मागितलेली असते.

हे वाचताना मला काही घरं डोळ्यांसमोर येतात. १८-२० वर्षांचा मुलगा किंवा मुलगी. कॉलेज सुटतं, झोप उडते, शेजारी आपल्याविरुद्ध कट करतात असं वाटू लागतं, इतरांना न ऐकू येणारे आवाज ऐकू येतात. याला सायकोसिस म्हणतात. हा आजार आहे, अर्जुनाचा विषाद नव्हे. पण आपण बोलतो मात्र तेच: मन खंबीर कर, नाटकं पुरे. जे रागावणं भगवंतांच्या तोंडून अर्जुनाला उठवू शकलं नाही, ते आपल्या तोंडून या लेकराला कसं उठवेल?

अजून एक फरक आहे. अर्जुन स्वतः मदत मागू शकला. या मुलांना बरेचदा आपण आजारी आहोत हेच पटत नाही. मग त्यांच्या वतीने सातवा श्लोक कुणी म्हणायचा? घरच्यांनीच.

तिथेच पाय अडखळतो. लोक काय म्हणतील? लग्न कसं जमेल? हे कुठल्या जन्मीचं कर्म? कर्मसिद्धांत मीही मानतो. पण आमच्या कामात सर्व्हर बंद पडला की आधी तो चालू करतात, कारण मागाहून शोधतात. इथे तर उशीर महागात पडतो. उपचाराविना जितका काळ जाईल, तितकं सावरणं कठीण होतं. मागच्या कर्माचा हिशेब आपल्या हाती नाही, आजचं कर्तव्य आहे. आणि लोकांचं म्हणाल, तर अर्जुनाने मदत मागितली ती दोन सैन्यांच्या मधोमध!

मागायची कुठे? सरकारची टेलिमानस हेल्पलाइन, १४४१६, मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. मानसोपचारतज्ज्ञांना लवकर भेटा, गोळ्या मनाने बंद करू नका. पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन आहे. कॅनडात प्राध्यापक असलेल्या डॉ. जगन्नाथ वाणींनी ती उभी केली. त्यांच्या पत्नीलाच हा आजार होता. स्वतःच्या घरचं दुःख लपवलं नाही, म्हणून ते इतरांचा आधार झालं.

देवापुढे दिवा लावा, नामस्मरणही करा. डॉक्टरकडे गेल्याने श्रद्धा कमी होत नाही.

आजचा संकल्प: ओळखीत असं घर असेल तर उपदेश नको. एवढंच विचारू या, "दवाखान्यात सोबत येऊ का?"

राम कृष्ण हरी.