भावाचा धनी

निफाड तालुक्यातल्या एका गावचे नाना. पिढीजात कांद्याची शेती. जानेवारीतल्या एका संध्याकाळी दिल्लीहून जावयांचा फोन आला, लेक दिवस भरण्याआधीच बाळंत झाली होती. शेजारच्या पोराला बसवून नानांनी रातोरात विमानाचं तिकीट काढलं. ११,८०० रुपये पडले.

सकाळी ओझरच्या विमानतळावर रांगेत पुढे उभा असलेला तरुण सहज बोलून गेला, त्याला तेच तिकीट ४,३०० ला मिळालं होतं, दीड महिन्यापूर्वी. नानांचं डोकं तिथंच फिरलं. त्यात काउंटरवर बॅग १८ किलो भरली.

"काका, १५ किलोच चालतात. वरच्या ३ किलोंचे पैसे भरावे लागतील."

नाना उसळले. "पावणेबारा हजार घेतलेत ना? अजून किती लुटणार? आमच्याच पैशावर पगार घेता आणि आम्हालाच नियम सांगता!"

रांग गप्प झाली. काउंटरवरच्या मुलीचा चेहरा उतरला. पण तिचं लक्ष नानांच्या हातातल्या पिशवीकडे गेलं. "काका, हातातल्या सामानाला ७ किलो चालतात. पिशवीत जागा आहे, जड काही असेल तर तिच्यात घ्या. पैसे वाचतील."

नानांनी डिंकाच्या लाडवांचा डबा काढला. तुपाची बरणीही काढू लागले, तशी ती पुढे आली. "तूप आतच राहू द्या, सिक्युरिटीला अडवतील." तिने बरणी टॉवेलात घट्ट गुंडाळून परत ठेवली. ती वाकली तेव्हा नानांना दिसलं, बुटाने सोललेल्या टाचेवर तिने चिकटपट्टी लावली होती.

आत प्रतीक्षाकक्षात बसल्यावर शेजारी एक निवृत्त हिशेबनीस भेटले, विमान कंपनीत नोकरी केलेले. नानांनी तिकिटाचं गाऱ्हाणं मांडलं. ते म्हणाले, "सगळ्यात मोठा खर्च इंधनाचा. मग विमानांचं भाडं, तेही डॉलरमध्ये. शिवाय विमानतळाचं शुल्क, कर. जागा भरत जातील तसा संगणक दर चढवतो. काउंटरवरच्या मुलीच्या हातात त्यातलं काहीच नसतं. पुष्कळ ठिकाणी ही मुलं ठेकेदाराकडून आलेली असतात. आणि तिकीट महागलं की पगार वाढतो असंही नाही. २०१९ साली जेट एअरवेज बंद पडली, तेव्हा कर्मचाऱ्यांचे कित्येक महिन्यांचे पगार थकले होते."

नाना गप्प झाले. त्यांना मुंबईतला भाजीबाजार आठवला. कांद्याचा भाव ऐकून एक गृहस्थ म्हणाले होते, "शेतकरी माजलेत." नानांनी आपला कांदा तीन महिने आधीच लासलगावच्या लिलावात पडेल त्या भावाने घातला होता. त्या दिवशी ते शब्द गिळून ते घरी आले होते.

तेवढ्यात सूचना झाली. दिल्लीत दाट धुकं, विमान दोन तास उशिरा. लोक दाराशी धावले. तिथं आता तीच मुलगी उभी होती. एकाने टेबलावर हात आपटला. "आमच्या पैशावर पगार घेता आणि आम्हालाच ताटकळत ठेवता!"

आपलेच शब्द नानांच्या कानावर आदळले. ते उठले, गर्दीत शिरले. "अहो, धुकं दिल्लीत पडलंय. या पोरीनं पाडलेलं नाही. तिकिटाचे पैसे मीही मोजलेत, तुमच्यापेक्षा जास्तच असतील. पण त्यात बसायची जागा आली, हिला बोलायचा हक्क नाही आला."

गर्दी ओसरली. नाना तिच्याजवळ गेले. "पोरी, सकाळी मीही असंच बोललो. चुकलं माझं." मग डबा उघडून त्यांनी एक लाडू तिच्यापुढे धरला. "सकाळपासून उभी आहेस. खा."

तिने तो कागदात बांधून ड्रॉवरमध्ये ठेवला. ड्यूटीवर असताना खायची परवानगी नव्हती.

तात्पर्य : भाव ठरवणारा समोर येत नाही, समोर असतो तो राबणारा. दाम मोजून सेवा घ्यावी, पण राबणाऱ्याचा मान राखावा.