सिलिंडरातला अभाव

इंजिनाचे सीसी म्हणजे पिस्टन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकताना जेवढी जागा मोकळी करतो ती. जुन्या हीरो होंडा स्प्लेंडरचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ५० मिलिमीटर; स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची सरक, ४९.५ मिलिमीटर. बोअरच्या वर्गाला पाय (π) या संख्येने गुणून चाराने भागले आणि स्ट्रोकने गुणले, की ९७.२ घन सेंटिमीटर येतात. लोक त्यालाच शंभर सीसी म्हणतात. चार-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदाच हवा ओढते. मिनिटाला ८००० फेऱ्या झाल्या, तर ४००० वेळा, म्हणजे हिशेबाने सुमारे ३८९ लिटर हवा.

तेवढी येत मात्र नाही. व्हॉल्व्ह क्षणभरच उघडा असतो, थ्रॉटल वाट अडवतो, तापलेल्या भिंतींपाशी हवा विरळ होते, मागचा थोडा धूर आतच उरतो. आलेल्या हवेचे वजन भागिले यायला हवी होती तिचे वजन, ही व्हॉल्युमेट्रिक एफिशिअन्सी. समजा ती ८५ टक्के भरली. मग उरलेले १५ टक्के ‘नसणे’ हे काही आहे का?

हा प्रश्न भारतीय दर्शनांत जुना आहे. वैशेषिक दर्शनाच्या कणादाने सहा पदार्थ, म्हणजे अस्तित्वाचे मूळ प्रकार, मोजले. पुढच्या वैशेषिकांनी अभाव हा सातवा मानला आणि शिवादित्याच्या ग्रंथाचे नावच ‘सप्तपदार्थी’ आहे. नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे लोक, म्हणतात, जमिनीवर घडा नाही हे डोळ्यांनीच दिसते. मीमांसकांपैकी कुमारिलाचे अनुयायी त्यासाठी अनुपलब्धी, म्हणजे न आढळणे, हे ज्ञानाचे वेगळे साधन मानतात. प्रभाकराच्या मागचे मीमांसक, म्हणजे प्राभाकर, यांना दोन्ही अमान्य: घडा नसलेली जमीन म्हणजे नुसती जमीन, अभाव म्हणून तिथे वेगळे काही नाही.

सिलिंडर पाहिला तर प्राभाकरांचे पारडे जड वाटते. हवा कमी आली म्हणून एखादा कोपरा रिकामा राहत नाही. ती विरळ होऊन सगळी जागा व्यापते. झाडाच्या फांदीवर माकड आहे आणि बुंध्याशी नाही, या नैयायिकांच्या लाडक्या उदाहरणासारखी इथे अभावाची जागा दाखवता येत नाही. पण नैयायिकांचा दुसरा आग्रह इंजिनाला तंतोतंत लागू पडतो: अभाव नेहमी कशाचा तरी असतो, आणि ते ‘कशाचा’ म्हणजे प्रतियोगी. प्रतियोगी न सांगता ‘१५ टक्के नाही’ म्हणणे निरर्थक आहे.

महाबळेश्वर साधारण १३५० मीटर उंचीवर आहे. तिथली हवा समुद्रसपाटीपेक्षा सुमारे १२ टक्के विरळ. मुंबईहून गाडी वर नेली, की सिलिंडरात हवेचे वजन कमी भरते आणि चढावर जोर कमी पडतो. पण प्रतियोगी महाबळेश्वरचीच हवा धरली, तर आकडा जवळजवळ तोच, ८५. समुद्रसपाटीची धरली, तर ७५च्या आसपास. सिलिंडर तोच, आतली हवा तीच. बदलला तो अभाव.

खरी पंचाईत पुढे आहे. वेगाने आत शिरणारी हवा पिस्टन खाली थांबला तरी आपल्या झोताने शिरतच राहते. म्हणून इनटेक व्हॉल्व्ह मुद्दाम उशिरा मिटवतात. हवा आणणाऱ्या नळ्यांची लांबी नेमकी साधली, तर टर्बोशिवायही हे प्रमाण शंभराच्या वर जाते. टर्बोने तर सहज. १२० टक्के भरलेल्या सिलिंडरात उणे २० टक्के अभाव आहे असे कोणत्याही दर्शनात म्हणता येणार नाही. मोजले जाते ते नसणे नव्हे, प्रतियोगीशी असलेले प्रमाण. टर्बोने दाबलेली हवाच प्रतियोगी धरली, की तोच आकडा बहुधा पुन्हा शंभराच्या खाली उतरतो.