चाखणारा आणि जाणणारा

काना गावच्या लग्नाची हकिकत आपण बालपणापासून ऐकत आलो आहोत. द्राक्षारस संपला, रांजण पाण्याने भरले गेले आणि त्या पाण्याचा द्राक्षारस झाला. परंतु संत योहानाने या प्रसंगात जाता जाता एक गोष्ट नोंदवून ठेवली आहे, तिच्याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. भोजनकारभाऱ्याने तो द्राक्षारस चाखला, त्याची वाखाणणीही केली. मात्र तो कोठून आला हे त्याला ठाऊक नव्हते. ते ठाऊक होते पाणी काढणाऱ्या चाकरांना. चाखणारा एक आणि जाणणारे दुसरेच! ही तफावत मला अलीकडे अस्वस्थ करते. त्याला निमित्त झाली एक सहल.

रोम, असिसी, पादुआची तीर्थयात्रा करून येणारी कुटुंबे आता आपल्या धर्मग्रामांत अपूर्वाईची राहिलेली नाहीत. आम्हीही गेलो. यात्रेच्या शेवटी तीन दिवस वाटाड्यासह पायी भटकंतीचे होते. इटलीच्या वायव्य किनाऱ्यावरील ‘चिंक्वे तेर्रे’ ही ती जागा. समुद्रात उतरणारे कडे, कोळी-शेतकऱ्यांचे लोकजीवन आणि तिथली वाइन, असे तिन्ही एकाच दरात मिळणार होते.

मोंतेरोस्सो, व्हेर्नात्सा, कॉर्निल्या, मानारोला आणि रियोमाज्जोरे ही ती पाच गावे. कॉर्निल्याला स्टेशनावरून जायचे तर पावणेचारशेहून अधिक पायऱ्या चढाव्या लागतात. धापा टाकीत वर पोहोचलो आणि समोरचा देखावा पाहून सारेच स्तब्ध झालो. डोंगर माथ्यापासून पार समुद्रापर्यंत पायऱ्यापायऱ्यांनी कोरलेला आणि प्रत्येक पायरीवर द्राक्षवेली! ‘देवाची करणी!’ आमच्यातील कोणीतरी उद्गारले. वाटाड्या हसला. म्हणाला, “डोंगर देवाचा, पायऱ्या आमच्या आजोबांच्या.”

त्या पायऱ्यांना आधार आहे तो आपण कोकणात ज्याला गडगा म्हणतो तशा भिंतींचा. चुना नाही, सिमेंट नाही. दगडावर दगड बसवलेला. पावसाचे पाणी फटींतून झिरपून जाते, म्हणून भिंत तग धरते. पण एखादा दगड निखळला आणि तो वेळीच बसवला नाही, तर भिंतीला पोट येते, ती ढासळते आणि तिच्यामागची माती खालच्या पायरीवर येते. गेली कित्येक शतके हे काम पिढ्यान् पिढ्या हातांनी चालले. १९९७ साली युनेस्कोने या परिसराला जागतिक वारसा म्हणून गौरवले, तो निसर्गाइतकाच या श्रमांचा गौरव होता.

मात्र ते हात त्याच्या कितीतरी आधीच कमी होऊ लागले होते. १८७४ साली रेल्वे आली. शेजारच्या ला स्पेत्सिया शहरातील नौदलाच्या गोदीत पगाराची नोकरी मिळू लागली. पुढे पर्यटक आले. पाठीवर द्राक्षांच्या टोपल्या वाहण्यापेक्षा खोली भाड्याने देणे सोपे होते. त्यांना दोष कोणत्या तोंडाने द्यावा? परंतु मळे ओस पडले आणि गडगे ढासळू लागले. २५ ऑक्टोबर २०११ रोजी अतिवृष्टी झाली, तेव्हा मोंतेरोस्सो आणि व्हेर्नात्सा ही गावे चिखलाच्या लोंढ्यात सापडली, माणसेही दगावली. कारण पाऊस हेच. पण निगा सुटलेल्या उतारांवरील माती आणि दगड त्या लोंढ्यात मिसळले होते.

म्हणजे, जे पाहण्यासाठी आपण जातो ते टिकवणारे हात आपल्याच सरबराईत गुंतून पडतात. मग आपण जाऊच नये काय? हे उत्तर फार सोपे आहे, आणि म्हणूनच मला ते खोटे वाटते. पर्यटक नसते, तर ही गावे कदाचित रिकामीच झाली असती. किनाऱ्यालगतच्या वाटांसाठी प्रवेशपत्र घ्यावे लागते, त्या पैशांचा हातभार वाटांच्या देखभालीला लागतो. २०१९ पासून तेथील राष्ट्रीय उद्यानाने युरोपीय संघाच्या साहाय्याने मानारोला परिसरातील गडगे पुन्हा उभारण्याचे काम हाती घेतले. पैसा हवाच. प्रश्न एवढाच, की पैसे चुकते केले म्हणजे ऋण फिटले काय?

शेवटच्या संध्याकाळी आम्हाला ‘शाक्केत्रा’ देण्यात आली. द्राक्षे तोडून, हवेशीर सावलीत कित्येक आठवडे सुकवून, मग त्यांचा रस काढतात. पुष्कळ द्राक्षांतून थोडीच वाइन निघते. म्हणून घरच्या मंगल प्रसंगांसाठी ती जपून ठेवण्याची रीत होती. लहानशा पेल्यातील तो गोड घोट घेतला आणि एकाएकी मला आमची आई आठवली. वसईच्या अंगणात राजेळी केळी सोलून उन्हात वाळत घालणारी, ढग दिसताच धावत जाऊन ती उचलणारी. पुष्कळ केळ्यांची थोडीच सुकेळी! ती आम्ही पाहुण्यांपुढे ठेवीत असू. पाहुणे वाखाणीत, आणि कष्ट कोणाचे हे कोणी विचारीत नसे. मीदेखील विचारले नाही. आमच्याकडेही रेल्वे होती, मुंबईची नोकरी होती. आई गेली, सुकेळी थांबली, विहिरीचा काठ खचला. तो मी बांधला नाही. दूरदेशीच्या परक्या गडग्यांचे कौतुक करणारा मी, माझ्या वाडीचा भोजनकारभारीच ठरलो.

त्या घोटानंतर मला वाटू लागले, की ऋण फेडण्याची सुरुवात विचारण्यातून होते. हे कोणी पिकवले? ही भिंत कोणी रचली? तिचा दगड पडला तर कोण उचलेल? असे विचारणारा प्रवासी पाहुणा होतो. न विचारणारा गिऱ्हाईकच राहतो. आणि उत्तर मिळाले, की ज्याच्या हातचे ते आहे त्याच्याच दारातून ते विकत घ्यावे, एवढे तरी आपण करू शकतो.

परतल्यावर शेजारच्या वयोवृद्ध मावशींकडे गेलो. सुकेळी कशी करतात ते शिकवाल का, म्हणून विचारले. त्या बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “खायला ये म्हटलं की सगळे येतात रे. शिकायला तूच पहिला.”