पाहिले, तर सांगावे



पावसाळ्यात आपल्या कसबा बावड्यात एकच प्रश्न कानावर येतो : "राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती झालं?" 39 फूट इशारा पातळी, 43 फूट धोका पातळी, हे शाळकरी मुलांनाही पाठ असते. 2019 आणि 2021 च्या महापुरांनी आपल्याला ही दक्षता शिकवली. कुणीतरी पाणी पाहतो, लगेच सांगतो, म्हणून माणसे आणि जनावरे वेळेत हलवता येतात.

पाणी ओसरले की मात्र त्याच पंचगंगेकडे आपले लक्ष राहत नाही. प्रवाह मंदावला की जलपर्णी दिसू लागते. मूळची दक्षिण अमेरिकेतील ही वनस्पती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिच्या जांभळट फुलांसाठी बंगालमध्ये आणली गेली आणि देशभर पसरली. सांडपाण्यातील नत्र व स्फुरद यांवर ती पोसते. परिस्थिती अनुकूल असली तर दोन आठवड्यांत दुप्पट होते. तिचा थर दाट झाला की पाण्यात उजेड पोचत नाही, प्राणवायू घटतो, मासे गुदमरतात, डास वाढतात. इचलकरंजी-शिरोळ भागात असे थर अनेकदा साचले आहेत. दहा रोपे हातानेही काढता येतात. नदी झाकली की यंत्रेही पुरी पडत नाहीत.

ही पहिली दहा रोपे कोण पाहतो? धुणे धुणारी बहीण, म्हशी धुणारा शेतकरी, गळ टाकून बसलेला मुलगा. अधिकारी नंतर येतात. मग जो पाहतो, त्याच्यावर सांगण्याचे बंधन आहे काय?

एकदा फिरायला गेलो असता काठाशी मला अशीच काही रोपे दिसली. 'कुणीतरी कळवेलच', असे म्हणून मी परतलो. काही आठवड्यांनी तिथे पाणीच दिसेना. संत थॉमस अक्वायनस यांनी सुकाणू धरणाऱ्याचे उदाहरण दिले आहे. त्याने सुकाणू धरले नाही आणि जहाज बुडाले, तर काहीही न करता तो बुडण्याला कारण ठरतो. मात्र सुकाणू धरणे त्याला शक्य हवे आणि ते त्याचे काम हवे. मला कळवणे शक्य होते. खिशात फोन होता. काम माझे होते का? नदी सर्वांची आहे, याचा अर्थ ती कुणाचीच नाही असा नव्हे. ती माझीही आहे. मिस्साच्या आरंभी आपण न केलेल्या कर्तव्यांचीही क्षमा मागतो, ती अशाच गोष्टींसाठी.

मात्र सांगण्यालाही विवेक हवा. पाहिले तेवढेच सांगावे : जागा, तारीख, शक्य तर छायाचित्र. देशी मांगूर आणि बंदी असलेला आफ्रिकन मांगूर यांत गल्लत होते. खात्री नसेल तर तसे म्हणावे, कुणा गरिबावर बालंट नको. माहिती देणे म्हणजे चहाडी नव्हे. चहाडी करणाऱ्याला शेजाऱ्याची फजिती हवी असते. माहिती देणाऱ्याला पाणी वाचायला हवे असते.

आणि बोट दाखवताना आपल्या घराकडेही पाहावे. उजनी जलाशयात मच्छीमारांची जाळी फाडणारा सकर मासा मूळचा घरातल्या काचेच्या टाकीतला. टाकीतला मासा नदीत किंवा रंकाळ्यात सोडणे ही भूतदया नव्हे. जलपर्णीला पोसणारे सांडपाणीही आपल्याच मोऱ्यांतून जाते.

या आठवड्यात नदीकाठी गेलात, तर पाण्याकडे नीट पाहा. काही दिसले तर महापालिकेला कळवा. पुराच्या वेळी आपण एकमेकांना सांगतोच. तीच सवय उन्हाळ्यातही ठेवू या.

आपला,
धर्मगुरू