आहेरावर नजर

नाताळात आवडत्या मुलीला दिलेली भेट हे दान, की रंगीत कागदात गुंडाळलेली मागणी? प्रश्न गमतीचा वाटतो, पण दानधर्माच्या विचारात तो फार जुना आहे. देणाऱ्याचा परतफेडीवर डोळा असेल, तर त्याला देणे म्हणायचे का, असा तो प्रश्न.

गीतेच्या सतराव्या अध्यायात, २० ते २२ या श्लोकांत, दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. ज्याच्याकडून उलट उपकार होणार नाही अशा योग्य माणसाला, योग्य स्थळी आणि योग्य वेळी दिलेले ते सात्त्विक. परतफेडीसाठी, फळाच्या आशेने किंवा जिवावर येऊन दिलेले ते राजस. अपात्राला किंवा अवमान करून दिलेले ते तामस. नेवाशात १२९० मध्ये ज्ञानेश्वरांनी यातले राजस दान समजावताना दाखले घेतले ते घरातलेच. दुभते मनात धरून गाईला चारा घालणे, आहेरावर नजर ठेवून सोयऱ्याला बोलावणे, व्रत करणाऱ्या बाईच्या घरी वाण धाडणे. सातशे वर्षांनंतरही परभणी जिल्ह्यातल्या पूर्णा तालुक्यात हे दाखले कुणाला समजावून सांगावे लागत नाहीत. मांडवाच्या तोंडाशी वही घेऊन बसलेला माणूस नाव, गाव आणि रक्कम लिहून घेतो, आणि त्या पाहुण्याच्या घरी कार्य निघाले की तीच वही उघडली जाते.

यात वाईट काही नाही. मार्सेल मोस या फ्रेंच अभ्यासकाने १९२५ मध्ये भेटवस्तूंवरच्या आपल्या प्रसिद्ध निबंधात दाखवले की देणे, घेणे आणि परत देणे ही तिन्ही बंधनेच आहेत आणि त्यांच्यावर माणसांचे नाते तगते. शेजारणीचा डबा रिकामा परत करायचा नाही, निदान चिमूटभर साखर तरी घालायची, ही मराठी घरातली रीत तेच सांगते. गोव्यात नाताळला नेवऱ्या, दोदोल आणि बेबिंक यांची ताटे ख्रिस्ती घरांतून हिंदू शेजाऱ्यांकडे जातात आणि चतुर्थी-दिवाळीला फराळ उलट येतो. आहेराची फेड आहेराने होते, फराळाची फराळाने. हिशेब पुरा होतो आणि नातेही राहते.

प्रेमाच्या भेटीत मात्र हिशेब जुळूच शकत नाही, कारण मनात असते ती वस्तू नव्हे, समोरच्या माणसाची पसंती. पसंती आहेरासारखी फेडता येत नाही. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात हा फरक अगदी नेमका पकडला आहे. मुलीच्या बापाने शुल्क घेतले तर ती विक्री ठरते, पण नातेवाइकांनी त्याला हात न लावता ते मुलीलाच दिले तर तो तिचा मान. वस्तू तीच, रक्कमही तीच, पण ती कुणाच्या हाती पडली यावर तिचा अर्थ ठरतो.

नाताळच्या भेटींची एक परंपरा लग्नापाशीच सुरू होते. चौथ्या शतकात मायरा या गावी, आजच्या तुर्कस्तानात, निकोलस नावाचे बिशप होते. हुंड्याला पैसे नाहीत म्हणून तीन मुलींची लग्ने अडली होती. निकोलस यांनी रात्री खिडकीतून सोन्याच्या थैल्या आत टाकल्या, अशी कथा आहे. तिसऱ्या खेपेला बाप दबा धरून बसला आणि त्याने त्यांना गाठले, तेव्हा बिशपांनी त्याच्याकडून कुणाला न सांगण्याचे वचन घेतले. याच निकोलसांचा पुढे सांताक्लॉज झाला. देणारा कोण हे मुलींना कळले नाही, म्हणून त्या कुणाच्या उपकारात राहिल्या नाहीत. गीतेतल्या सात्त्विक दानाला याहून चांगले उदाहरण शोधावे लागेल.

प्रेमात पडलेल्याला हे जमत नाही आणि तो त्याचा दोष नाही. कार्यालयांत, कॉलेजांत डिसेंबरात चिठ्ठ्या टाकून गुपचूप भेट देण्याचा खेळ होतो. नियम असा की देणाऱ्याचे नाव कळू द्यायचे नाही. हवी ती चिठ्ठी मिळावी म्हणून मित्राला चहा पाजून अदलाबदल करणारा तरुण मात्र नाव कळावे म्हणूनच धडपडत असतो. त्याचे देणे राजसच. पण त्याला हवे असते ते उत्तर, आणि उत्तर मागणे म्हणजे मोल मागणे नव्हे. उत्तर ‘नाही’ असले तरी चालेल, एवढी मोकळीक त्या भेटीत असली की ती सौदा होत नाही.

पैठणच्या हाल सातवाहनाच्या नावावर असलेल्या गाथासप्तशतीत भेटीचे मोल वस्तूवरून ठरत नाही, याचा एक लोभस दाखला आहे. एका शिकाऱ्याच्या आधीच्या बायका गजमोत्यांनी मढलेल्या आहेत, कारण तेव्हा तो हत्ती मारीत असे. नव्या बायकोच्या प्रेमात तो इतका गुंतून झिजला की आता त्याला जेमतेम मोर मारता येतो. ती कानात मोरपीस खोवून सवतींमधून ऐटीत चालते. तिने भेटीची किंमत बाजारभावाने लावली नाही, देणाऱ्याच्या अवस्थेवरून लावली. पैठणहून गोदावरी खाली गंगाखेडवरून पूर्णा तालुक्यात येते आणि तिथे पूर्णा नदी तिला मिळते. म्हणजे प्रेमाच्या अर्थशास्त्राचा हा धडा याच खोऱ्यातल्या संग्रहात जपला गेला.

आता घेणाऱ्याची बाजू. कल्याणीच्या चालुक्यांच्या राजवटीत विज्ञानेश्वराने लिहिलेल्या ‘मिताक्षरा’ या धर्मशास्त्रग्रंथानुसार दान म्हणजे आपले स्वत्व सोडणे आणि दुसऱ्याचे निर्माण करणे, आणि हे दुसरे काम घेणाऱ्याने स्वीकारल्यावाचून पुरे होत नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानेही दानाला स्वीकाराची अट घातली आहे. तेव्हा मुलीने भेट नाकारली, तर शास्त्राने आणि कायद्याने दान झालेलेच नाही, वस्तू देणाऱ्याचीच राहिली. समजा, भेट मफलरची होती आणि तिने तो ठेवून घेतला, तर मफलर तिचा झाला. मफलरबरोबर मनात धाडलेला प्रश्न मात्र अजून देणाऱ्याकडेच आहे. तो त्याला तोंडाने विचारावा लागेल.